मेचा घाम, मार्चचे गुण

एप्रिलची दोन तारीख. नागपुरात पारा चाळिशीला टेकतो तो याच सुमारास. घरोघरी कूलर माळ्यावरून खाली येतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि एसी दुरुस्तीच्या धंद्यात फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही. त्या सकाळी एका सर्व्हिस सेंटरच्या मालकांच्या टेबलावर चौदा वर्षं तिथेच काम केलेल्या टेक्निशियननं राजीनामा ठेवला. सोबत एक छापील कागद होता. त्यावर पाचपैकी अडीच गुण आणि खाली शेरा: 'सुधारणा आवश्यक'.

"सर, हा गेला तर महालातले अर्धे एसी बंद पडतील," मालक मला म्हणाले. "अन् आमच्याच कागदावर तो नापास आहे. काहीतरी चुकलंय, पण काय ते समजून नाही राहिलं."

हे प्रकरण मी वर्गातल्या चर्चेसाठी रचलेलं आहे. सेंटर शोधायला जाऊ नका, आकडेही मांडणीपुरते आहेत. ज्या संशोधनाचा उल्लेख येतो ते मात्र खरं आहे, आणि उन्हाळाही.

सेंटरमध्ये बावीस टेक्निशियन, दोन सुपरवायझर, एक सर्व्हिस मॅनेजर आणि कॉल वाटणारी एक ताई. माणसांना नावाऐवजी भागावरून ओळखायची तिथली पद्धत होती. 'बेसावाला कुठं पोचला?', 'महालवाल्याला पाठव.' आपणही तेच करू.

महालवाल्याचा भाग म्हणजे जुनं शहर. स्कूटर आडवी लावली की गल्ली बंद. तिसऱ्या माळ्याच्या छज्ज्यावर लटकवलेलं आउटडोअर युनिट, दहा-बारा वर्षांची मशीन, आधीच्या तीन मिस्त्र्यांनी तीन तऱ्हांनी जोडलेली वायरिंग. बेसावाल्याकडे बेसा आणि मनीषनगरचे नवे फ्लॅट. लिफ्ट, पार्किंग, इन्व्हर्टर एसी, बहुतेक वॉरंटीत. फिल्टर धुवा, कॉइल साफ करा, ओटीपी घ्या, पुढचं घर. महालवाल्याचे दिवसाला चार कॉल व्हायचे, बेसावाल्याचे सात. ग्राहकांचे स्टार अनुक्रमे ३.९ आणि ४.८. बेसावाल्याला त्या वर्षी ४.६ गुण आणि हारतुरे मिळाले होते.

महालवाल्याला भेटलो तेव्हा तो शांत होता, हेच मला जास्त खटकलं. "सर, मी तीन माळे चढून कॉम्प्रेसर उतरवून राहिलो, तो लिफ्टनं जाऊन फिल्टर धुऊन राहिला. दोघांचा कॉल एकच मोजता न तुम्ही? मंग बराबर हाये. मी नापासच हाये."

फॉर्म कसा भरला

मॅनेजरला खलनायक करण्यात अर्थ नाही. सरळ माणूस होता. त्यानं सगळं सांगितलं. फॉर्ममध्ये आठ मुद्दे: रोजचे कॉल, ग्राहकांचे स्टार, हजेरी, तांत्रिक ज्ञान, साधनांची निगा, कागदपत्रं, वर्तणूक, संघभावना. बावीस माणसं गुणिले आठ म्हणजे १७६ चौकटी. ३० मार्चच्या रात्री अकराला तो बसला आणि दीडला उठला. एका चौकटीला मिनिटभरही आलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर माझंही असंच झालं असतं. कॉलेजात पेपर तपासताना मध्यरात्रीनंतरचे गुण कसे पडतात ते मला ठाऊक आहे.

महालवाल्याच्या आठही चौकटी दोन ते तीनच्या मध्ये होत्या. 'साधनांची निगा'त दोन. त्याची बॅग मी उघडून पाहिली. गेज, फ्लेअरिंग टूल, पाने, सगळं जुन्या लुंगीच्या तुकड्यांत वेगवेगळं गुंडाळलेलं, एकावरही गंज नाही. मॅनेजरला विचारलं, ही बॅग कधी पाहिली होती? त्यानं नकारार्थी मान हलवली. "तसा तो ढिलाच आहे, म्हणून दोन दिले."

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली नेमकं हेच मांडलं होतं. अमेरिकी सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना दिलेले गुण त्यांनी तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे मुद्दे वेगळे, तरी गुण एकमेकांशी इतके जुळत होते की ते वेगवेगळे जोखले गेलेत यावर विश्वास बसेना. माणसाबद्दल एकदा जे मत झालं त्याचा रंग प्रत्येक चौकटीत उतरतो. या दोषाला त्यांनी 'हेलो' हे नाव दिलं, प्रभामंडळ या अर्थानं. बेसावाल्याच्या बाबतीत ते मंडळ उजळ होतं: इस्त्रीचा शर्ट, ग्रुपवर रोज सकाळी 'गुड मॉर्निंग सर', जॉबशीट संध्याकाळी सहाच्या आत. त्याच्या 'तांत्रिक ज्ञाना'ला मॅनेजरनं साडेचार दिले होते.

दुसरी गोष्ट महिन्यांची. मॅनेजरनं महालवाल्याविरुद्ध दिलेले दाखले सगळे जानेवारी ते मार्चमधले. तीनदा उशिरा आला, एकदा ग्रुपवर उत्तर दिलं नाही, एकदा टी-शर्ट घालून आला. सगळं खरं. पण थंडीत महालात एसी कोण लावतो? त्या महिन्यांत त्याला दिवसाला दीड कॉल मिळायचा, आणि रिकाम्या माणसाचा उशीर लगेच डोळ्यांत भरतो. आदल्या मे महिन्यात, नवतपाच्या, म्हणजे ऐन कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत, त्यानं नऊ कॉम्प्रेसर बदलले होते. जॉबशीटवर ते लिहिलेलं होतं. मॅनेजरच्या डोक्यात मात्र एकही उरला नव्हता. दहा महिने उलटले होते. मूल्यमापन मार्चअखेर होतं कारण हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपतं. या धंद्याचं वर्ष पहिला पाऊस पडला की संपतं, हे बावीस जणांना ठाऊक होतं, फॉर्मला ठाऊक नव्हतं.

ताईची वही

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कॉल वाटणाऱ्या ताईंनी. त्यांना या चौकशीत कुणी विचारलंच नव्हतं. त्या फॉर्म भरत नसत, त्यांची सही कुठे लागत नसे. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तीन दिवस बसून आदल्या उन्हाळ्यातल्या दोघांच्या शंभर-शंभर जॉबशीट लावल्या, आणि एक साधा प्रश्न घातला: त्याच मशीनची तीच तक्रार तीस दिवसांत परत आली का? महालवाल्याच्या शंभरातल्या सहा परत आल्या होत्या. बेसावाल्याच्या एकवीस.

आणि त्या एकवीस वेळा दुसऱ्यांदा कोण गेलं? तेरा वेळा महालवाला. संध्याकाळी सहानंतर, महालातून बेसापर्यंत, स्वतःच्या गाडीवर.

"मीच पाठवायची," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याला दिलं की कॉल तिसऱ्यांदा येते. याला दिलं की संपते. मग ग्राहकाचा फोन मलाच घ्यावा लागते न, सरांना थोडीच घ्यावा लागते."

त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. कुठल्या माणसाला कुठलं काम झेपतं याच्या खुणा त्यात होत्या: 'गॅस – नाही', 'पीसीबी – चांगला', 'म्हाताऱ्या माणसांकडे पाठवू नये'. त्या सेंटरमधलं सगळ्यात खरं मूल्यमापन रोज सकाळी साडेआठला, त्या वहीवरून, कॉल वाटताना होत होतं. आणि त्याच मूल्यमापनानं महालवाल्याला बुडवलं. तो चांगला, म्हणून अवघड कॉल त्याला. अवघड कॉल, म्हणून संख्या कमी, आणि तापलेल्या ग्राहकाचे स्टार कमी. तेरा वेळा दुसऱ्याची चूक निस्तरायला गेला, तेव्हा ग्राहकाचा राग त्याच्या स्टारमध्ये उतरला. बेसावाल्याची पहिली भेट मात्र 'पूर्ण' म्हणून मोजली गेली होती. कॉल परत आला की तो नवा कॉल म्हणून धरला जायचा, त्यामुळे अर्धवट कामानं सेंटरचा एकूण आकडाही फुगत होता. हवं एक आणि बक्षीस भलत्यालाच, या विसंगतीवर स्टीव्हन कर यांचा १९७५ सालचा लेख व्यवस्थापनाच्या वर्गात आजही शिकवला जातो. मी तो दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी दाखले परदेशातले देत होतो.

आता दुसरी बाजू. महालवाला तोंडाचा फटकळ. 'हा एसी भंगारात काढा' असं घरधन्याच्या तोंडावर सांगायचा. जॉबशीट दोन-दोन दिवस उशिरा, अक्षर असं की मेडिकलच्या दुकानदारालाच लागावं. नव्या पोरांना शिकवायला नको म्हणायचा: "मले कोणी शिकवलं?" म्हणजे अडीच गुणांतला थोडा भाग त्यानं कमावलेलाच होता. वर्तणुकीत मीही त्याला अडीचच दिले असते. गोची एवढीच होती की कुठला भाग खरा आणि कुठला दुसऱ्या चौकटीतून सांडलेला, हे कागद पाहून कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून आम्ही एक प्रयोग केला. दोन्ही सुपरवायझरांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, मॅनेजरचे गुण न दाखवता, तेच फॉर्म भरायला दिले. महालवाल्याला एकानं ३.९ दिले, दुसऱ्यानं २.८. पहिला स्वतः जुन्या शहरात कामं केलेला, दुसरा विक्रीतून आलेला. मालक चक्रावले. "माणूस तोच, न?"

यात नवल नाही. विश्वेश्वरन, वन्स आणि श्मिट यांनी १९९६ साली अशा अनेक अभ्यासांची मोजदाद केली. एकाच माणसाला जोखणाऱ्या दोन वरिष्ठांच्या गुणांची जुळणी सरासरी ०.५२ निघाली, पूर्ण जुळले असते तर १ आली असती. २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ यांनी साडेचार हजारांच्या आसपास व्यवस्थापकांचे गुण तपासले. वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे, सगळ्यांनी दिलेले. गुणांमधला निम्म्याहून जास्त फरक ज्याला गुण मिळाले त्याच्या कामातून नव्हे, गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या खास पद्धतीतून येत होता. मी हे सांगत असताना मॅनेजर एकदम म्हणाला, "म्हणजे त्या फॉर्मवर मीच दिसतोय?" माझ्यापेक्षा त्यानं ते नेमकं सांगितलं.

बैठकीत मालकांनी एका बातमीची आठवण काढली. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. दिवसभर देशभर नागपूरचंच नाव. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. "पण त्यांनी शेजारच्या केंद्रांचे आकडे पाहिले, म्हणून कळलं," मालक म्हणाले. "आमच्याकडं केंद्र एकच." त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं नाही, हे बरं केलं.

दहा मिनिटांची ती भेट

राजीनामा गुणांमुळे आला असं सगळे धरून चालले होते. महालवाल्याशी तिसऱ्यांदा बोलताना उलगडलं की गुण त्यानं भेटीआधीच ऐकले होते, आणि राजीनामा लिहिला तो भेटीनंतर. एक एप्रिलला मॅनेजरनं त्याला आत बोलावून दहा मिनिटांत तीन गोष्टी उरकल्या: तुझे दोष हे, तुझी पगारवाढ ही, पुढच्या वर्षी हे सुधार. पगारवाढीचा आकडा ऐकल्यावर पुढचं काही त्याच्या कानात शिरलंच नाही. त्यानं फॉर्म मागितला, तर 'गोपनीय असतो' असं उत्तर मिळालं. टेबलावरची प्रत त्यानं नंतर स्वतःच उचलून आणली होती.

"माह्या साडभाऊ सरकारात हाये," तो म्हणाला, "त्याले सीआर दाखवतात. आमचा कागद काऊन लपवता?"

साडूचं म्हणणं बरोबर होतं, जरी सरकारातही ही वाट सरळ नव्हती. पूर्वी गोपनीय अहवालातले, म्हणजे सीआरमधले, फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याला प्रत्येक नोंद कळवली पाहिजे. त्या प्रकरणात 'चांगला' हा शेराच बढतीच्या आड आला होता, कारण बढतीला 'खूप चांगला' लागत होता. खाजगी सर्व्हिस सेंटरला तो निकाल लागू नाही. पण न्यायाची भूक लागू-न लागू बघत नाही.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये केलेल्या अभ्यासावरून मेयर, के आणि फ्रेंच यांनी १९६५ साली लिहिलं होतं की टीकेचा मारा जास्त झाला तिथे माणूस बचावात जातो, आणि ज्या बाबींवर टीका झाली त्यांतच सुधारणा कमी दिसते. पगाराचं बोलणं आणि सुधारणेचं बोलणं एका बैठकीत कोंबू नये, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडेही उदय पारेख आणि टी. व्ही. राव यांनी १९७० च्या दशकात लार्सन अँड टुब्रोसाठी व्यवस्था आखताना मूल्यमापन आणि माणसाची जडणघडण यांची सरमिसळ सोडवण्यावर भर दिला होता. आणि सांगितलं म्हणजे सुधारतं, हेही नेहमी खरं नाही: क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६ साली सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट घसरलं होतं. अभिप्राय कामावरून सरकून माणसावर गेला की असं होण्याचा संभव वाढतो.

काय बदललं, काय बिघडलं

मालकांना नवा फॉर्म हवा होता. मी नको म्हणालो. लँडी आणि फार यांनी १९८० मध्येच सुचवलं होतं की फॉर्मच्या आकाराउकारावरचं संशोधन आता थांबवा, त्यानं फारसा फरक पडत नाही. आधी चार गोष्टी हलवल्या. आढावा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सीझन संपल्यावर. पगारवाढ मात्र एप्रिलमध्येच, वेगळी. परत आलेला कॉल पहिल्यांदा गेलेल्याच्या नावावर. आणि कॉलचे तीन वजनगट: हलका, मधला, भारी, म्हणजे एक, दीड आणि तीन. वजन ताई ठरवणार, मशीनचं वय, माळा आणि तक्रार बघून. टेक्निशियनला जागेवरून फोटो पाठवून हरकत घेता येईल.

सुपरवायझरांनी आठवड्याला प्रत्येकाबद्दल फोनवर दोन वाक्यं रेकॉर्ड करायची. काय केलं तेवढंच, कसा माणूस आहे ते नाही. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेल्या 'निर्णायक प्रसंग' पद्धतीचं हे गरिबाघरचं रूप. पहिल्या दोन आठवड्यांत 'चांगला पोरगा आहे' असलीच वाक्यं आली. तिसऱ्यात एक आलं: 'गॅस भरायच्या आधी साबणाच्या पाण्यानं लीकेज शोधलं, ग्राहक घाई करत होता तरी.' ते वाक्य आम्ही सगळ्यांना ऐकवलं. तिथून टेक्निशियन स्वतःच बसले आणि चांगलं, मध्यम, वाईट काम म्हणजे काय याची उदाहरणं काढू लागले, परिचारिकांना घेऊन स्मिथ आणि केंडल यांनी १९६३ मध्ये केलं होतं तसं. 'लीकेज न शोधता गॅस भरतो' याला किती गुण, यावर दीड तास भांडण झालं. तक्त्यापेक्षा मला ते भांडण मोलाचं वाटतं. महालवाला त्यात पहिल्यांदा नव्या पोरांशी सलग वीस मिनिटं बोलला. पोरं लिहून घेत होती.

आता बिघाड. वजनगट ताईंच्या हाती गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या टेबलावर संत्रा बर्फीचे डबे दिसायला लागले. त्यांनी ते सगळ्यांत वाटून टाकले, पण सत्ता कुठे सरकली ते सगळ्यांना कळलं. मग आम्ही दर शुक्रवारी दहा कॉलचं वजन दुसऱ्या कुणाकडून परत तपासायला लागलो. भारी कॉल तिपटीनं मोजले जातात म्हटल्यावर साधा कपॅसिटरही 'भारी' म्हणून फोटोत यायला लागला, आउटडोअर युनिटचा कोन असा धरून की तो पाचव्या माळ्यावर वाटावा.

महालवाल्यानं राजीनामा मागे घेतला, सीझनपुरता. जुलैच्या आढाव्यात त्याला ३.६ मिळाले. वर्तणुकीत दोनच. तो वाद घालायला बसला, तर मॅनेजरनं तीन तारखा आणि तीन ग्राहकांचे प्रसंग वाचून दाखवले. महालवाला थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दुसरा प्रसंग खोटा हाये. बाकीचे दोन खरे हायेत." दुसरा खोडला. वर्तणूक अडीच झाली.

बेसावाल्याचे परत आलेले कॉल त्या उन्हाळ्यात शंभरात एकवीसवरून अकरावर आले. मॅनेजर खूश. ताई नव्हत्या. "तो रविवारी कुठं जाते, ते विचारा," एवढंच त्या म्हणाल्या. परत आलेला कॉल आपल्या नावावर चढतो म्हटल्यावर काही जण ग्राहकाला स्वतःचा नंबर देऊन येत होते: काही झालं तर मला सांगा, ऑफिसला नको. अकरा हा आकडा कामाचा होता की लपवाछपवीचा, हे जॉबशीटवरून कळणं शक्यच नव्हतं. मग ताईंनी, बेसावाल्याच्या ज्या ग्राहकांची तक्रार परत आलेली नव्हती त्यांतले चाळीस निवडून एकेकाला फोन लावायला घेतला. तान्हा पोळ्यापर्यंत तेवीस जणांनी उचलला. चौघं म्हणाले, हो, तो रविवारी येऊन नीट करून गेला होता, पैसेही घेतले नाहीत.